ईश्वर असलाच तर त्याला माणसाची फिकीर असेल का? मुद्दे तपासून हवे आहेत

पूर्वपक्ष (धागाकर्ता)

ईश्वर आहे की नाही हा वाद या धाग्यावर नको. विश्वाच्या मुळाशी कोणीतरी जाणता आहे असं इथे धरून चालू. प्रश्न त्याच्या पुढचा आहे: माणसांचं भलं होवो की वाईट, अशा कोणाला त्याने काही फरक पडत असेल का?

'नाही' म्हणणाऱ्यांकडून तीन मुद्दे हमखास येतात.

१. आकार: एवढ्या प्रचंड पसाऱ्यात एका बारक्या ग्रहावरच्या एका प्राण्याची दखल कोण घेणार?
२. पूर्णता: जो परिपूर्ण आहे त्याला कशाचीच गरज नाही. मग त्याला आपल्याबद्दल काही वाटण्याचं कारणच काय?
३. दुःख: फिकीर असती तर जग असं दिसलं नसतं.

यातला कोणता मुद्दा किती वजन पेलतो आणि कुठे तुटतो, हे जाणकारांकडून हवं आहे. नुसतं 'माझी श्रद्धा आहे' किंवा 'माझा विश्वास नाही' एवढंच सांगणारे प्रतिसाद कृपया टाळा.

---

नीरक्षीर

तिन्ही मुद्द्यांना हात घालण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करून घ्या. त्या न केल्यामुळेच ही चर्चा दर वेळी भरकटते.

पहिली गोष्ट, 'फिकीर असणं' हे एकसंध नाही. त्यात तीन भाग आहेत: माणसाचं काय चाललंय ते ठाऊक असणं, त्याने फरक पडणं, आणि त्यापोटी काही करणं (किंवा काही कारणाने मुद्दाम न करणं). हे तिन्ही एकमेकांपासून सुटे होऊ शकतात. सगळं ठाऊक आहे पण फरक पडत नाही, हे शक्य आहे. फरक पडतो पण हात घालता येत नाही, हेही शक्य आहे. एखादा युक्तिवाद समोर आला की तो यातला नेमका कोणता भाग तोडतोय ते आधी बघायचं.

दुसरी गोष्ट, कोणता ईश्वर? 'ईश्वर आहे असं धरू' म्हणताना प्रत्येकाच्या मनात वेगळंच काही असतं.

अॅरिस्टॉटलचा घ्या. त्याच्या 'मेटाफिजिक्स'च्या बाराव्या खंडात स्वतः न हलता सगळ्याला हलवणारा आदिकारण येतो. हा विचार करतो, पण फक्त स्वतःचा. कारण असं दिलंय, की सर्वोत्तम विचाराचा विषयही सर्वोत्तमच हवा. त्याहून हलक्या गोष्टीचा विचार केला तर विचारच हलका होईल. म्हणजे इथे पहिलाच भाग गळाला. जग त्याच्या ओढीने चालतं, त्याला जगाची ओढ नाही.

ग्रीक तत्त्ववेत्ता एपिक्युरस याचे देव दुसऱ्या भागावर गळतात. त्याच्या चाळीस मुख्य वचनांतलं पहिलंच असं आहे, की जो धन्य आणि अविनाशी आहे त्याला स्वतःला त्रास नाही आणि तो इतरांना देतही नाही, म्हणून त्याच्याकडे राग नाही आणि कृपाही नाही. हे वचन लोक सरसकट कुठल्याही ईश्वराला लावतात, आणि तिथे गल्लत होते. एपिक्युरसचे देव जगाचे निर्माते नाहीतच. जग अणूंपासून आपसूक झालंय. ज्याने काही घडवलेलंच नाही त्याला अलिप्त राहणं सोपं आहे. ज्याने आपणहून जग घडवलं त्याच्या बाबतीत हाच निष्कर्ष काढायचा तर वेगळी कारणं द्यावी लागतात.

इब्न सिना या मध्ययुगीन इस्लामी तत्त्ववेत्त्याचं उत्तर मधलं आहे. ईश्वराला सुट्या घटना कळतात, पण त्यांच्या सर्वसाधारण नियमांतून आणि कारणांतून. ग्रहण कसं, केव्हा लागतं याचं संपूर्ण ज्ञान त्याला आहे. 'आत्ता ग्रहण लागलंय' असं बदलत्या काळाबरोबर बदलणारं ज्ञान नाही, कारण मग ज्ञात्यातही बदल मानावा लागेल. अल्‌ गझाली या धर्मपंडिताने तत्त्ववेत्त्यांची जी तीन मतं थेट धर्मबाह्य ठरवली त्यातलं हे एक. त्याचा रोख स्पष्ट होता: असं असेल तर अमुक माणसाने अमुक वेळी केलेली प्रार्थना किंवा पाप ईश्वराला कळणार कसं? बारीक वाटणारा हा मुद्दा फार दूर जातो. 'मानवजातीची काळजी' आणि 'या माणसाची काळजी' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सिद्ध झाली म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही.

आता तुमचा आकाराचा मुद्दा. तिन्हींत हाच सर्वात लोकप्रिय आहे, आणि माझ्या मते सर्वात कच्चा. आपल्या एका आकाशगंगेत किमान १०० अब्ज तारे आहेत, हे खरं. पण यातून 'म्हणून दखल नाही' असं निघायला मध्ये एक न बोललेलं गृहीतक लागतं: लक्ष ही मोजकी, वाटून संपणारी चीज आहे. माणसाच्या बाबतीत ती तशी आहे. ज्याचं ज्ञान अमर्याद मानलंय त्याच्या बाबतीत नाही. दहा गोष्टींकडे लक्ष दिलं म्हणून अकरावीकडचं कमी होत असेल, तर तुम्ही ज्याच्याबद्दल बोलताय तो सर्वज्ञ नाही, फक्त खूप हुशार आहे. शिवाय आकार म्हणजे मोल नाही. तारा माणसापेक्षा मोठा आहे. पण त्याला काही दुखत नाही.

या मुद्द्याचं बळकट रूप जागेचं नाही, काळाचं आहे. विश्वाचं वय सुमारे १३.८ अब्ज वर्षं. आपल्या जातीचे आतापर्यंत सापडलेले सर्वात जुने अवशेष साधारण ३ लाख वर्षांपूर्वीचे. म्हणजे एकूण काळाच्या जेमतेम ०.००२ टक्के. पृथ्वीवर निदान साडेतीन अब्ज वर्षं जीव आहेत आणि त्यातला फार मोठा काळ फक्त सूक्ष्मजीवांचा. माणूस हाच सगळ्या खटाटोपाचा हेतू होता, असं म्हणणाऱ्याला हे आकडे जड जातात. पण त्यातून 'माणूस हा एकमेव हेतू नाही' एवढंच सिद्ध होतं. माणसाची फिकीर असायला माणूस केंद्रस्थानी असावाच लागतो असं नाही. केंद्र आणि काळजी यांची सांगड आपण आपल्याच सोयीने घातलेली आहे.

---

सूत्रधार

नीरक्षीर यांच्या तीन भागांशी सहमत. पूर्णतेच्या मुद्द्यावर मी लिहितो, कारण तो आपल्याकडे फार नेमकेपणाने मांडला गेला आहे आणि तरी इथे तो नेहमी अर्धवटच येतो.

त्याची मांडणी अशी: कुठलीही कृती काहीतरी प्रयोजनाने होते, प्रयोजन म्हणजे नसलेलं मिळवणं, ज्याला काही कमी नाही त्याला प्रयोजन नाही, म्हणून तो काही करणार नाही. कुमारिल भट्टांनी ईश्वराने जग निर्माण केलं या मतावर हेच हत्यार चालवलं. त्यांचं वाक्य प्रसिद्ध आहे: 'प्रयोजनमनुद्दिश्य न मन्दोऽपि प्रवर्तते'. हेतू नसताना मंदबुद्धीचा माणूसही काही करायला जात नाही, मग ईश्वर कसा जाईल? लक्षात घ्या, कुमारिल वेद मानणारे कट्टर मीमांसक होते. हा आक्षेप नास्तिकाचाच असतो असं समजू नका.

ब्रह्मसूत्रांत (वेदान्ताचा मूळ ग्रंथ, २.१.३२) हाच आक्षेप येतो आणि पुढच्या सूत्रात उत्तर: 'लोकवत्तु लीलाकैवल्यम्'. सृष्टी ही लीला आहे, गरजेतून आलेली नाही. बहुतेक जण इथेच थांबतात. थांबू नका, कारण या उत्तराची किंमत लगेच पुढच्या सूत्रात मोजावी लागते. निव्वळ लीला म्हणून जग निर्माण केलं आणि त्यात कोणी सुखात, कोणी हालात, तर मग पक्षपात आणि क्रौर्य हे दोन आरोप उभे राहतात. सूत्रकाराने ते स्वतःच मांडलेत: 'वैषम्यनैर्घृण्ये न, सापेक्षत्वात्…' ईश्वर जिवांच्या कर्माच्या अपेक्षेने निर्मिती करतो, म्हणून त्याच्याकडे दोष नाही. शंकराचार्यांनी इथे पावसाचा दृष्टान्त दिला आहे. पाऊस भात आणि जव या सगळ्यांना समान कारण. कोणतं रोप उगवणार ते बीजावर ठरतं.

या दृष्टान्ताने काय कमावलं आणि काय गमावलं ते नीट पाहा. कमावली निष्पक्षता. पण पावसाला कुठल्याच बीजाची फिकीर नसते. क्रौर्याच्या आरोपातून ईश्वराला सोडवताना, त्याच युक्तीने त्याची विशिष्ट माणसाबद्दलची आस्थाही हातची गेली. आता निवाडा कर्म करतं, ईश्वर फक्त सामान्य कारण उरतो. नियमाने चालणाऱ्या ईश्वराची बाजू घेणाऱ्या सगळ्यांचं हेच होतं. १६८० मध्ये फ्रान्सच्या मालब्रांशने योगायोगाने पावसाचंच उदाहरण घेतलं: पाऊस पेरलेल्या शेतावर पडतो तसा समुद्रावरही पडतो, कारण ईश्वर सर्वसाधारण नियमांनी वागतो, दर थेंबासाठी वेगळा संकल्प करत नाही.

मग पूर्णतेचा मुद्दा जिंकला का? नाही. त्याची दुसरी पायरी तपासा: 'प्रयोजन म्हणजे स्वतःला नसलेलं मिळवणं'. हे कुणी ठरवलं? योगसूत्रांत ईश्वर क्लेश, कर्म, फळ यांचा स्पर्श नसलेला आहे (१.२४), म्हणजे गरज शून्य. आणि तरी पुढच्याच सूत्रावरच्या व्यासभाष्यात म्हटलंय: 'तस्यात्मानुग्रहाभावेऽपि भूतानुग्रहः प्रयोजनम्'. स्वतःचा काही लाभ नसला तरी जिवांवर अनुग्रह हेच प्रयोजन. गरज आणि हेतू यांची गाठ इथे एका वाक्यात सोडवलेली आहे. उलट गरजेपोटी केलेली काळजी अर्धी स्वतःसाठीच असते. गरज नसताना केलेलीच पूर्णपणे दुसऱ्याची.

त्यामुळे पूर्णतेचा मुद्दा एवढंच सिद्ध करतो की ईश्वराला फिकीर असलीच तर ती आपल्याकडून काही मिळावं म्हणून नसेल. फिकीरच नसेल, इथवर तो पोचत नाही.

---

कंदील

पहिले दोन मुद्दे मोडीत निघाले, ठीक. तिसरा निघत नाही. पण तो ज्या रूपात मांडला जातो ते रूप चुकीचं आहे, म्हणून दुरुस्त करून देतो.

नेहमीचं रूप: 'दयाळू आणि सर्वशक्तिमान असता तर दुःख नसतं, दुःख आहे, म्हणून तसा कोणी नाही.' हे फार मोठा दावा करतं, आणि समोरच्याला फक्त 'एखादं कारण असू शकेल' एवढं म्हणून सुटता येतं. शक्यता दाखवली की तार्किक विसंगती संपली. म्हणून इथे 'अशक्य' हा शब्द वापरूच नका. तुलना करा.

स्कॉटिश तत्त्ववेत्ता ह्यूमच्या धर्मविषयक संवादांत (ते त्याच्या मृत्यूनंतर, १७७९ मध्ये छापले गेले) अकराव्या भागात हे बीज आहे. जगाच्या मूळ कारणाबद्दल चार पर्याय: पूर्ण भलं, पूर्ण दुष्ट, भल्याबुऱ्याची झुंज, किंवा यातलं काहीच नाही. जग मिश्र आहे म्हणून पहिले दोन मागे पडतात, निसर्गनियम एकसारखे आहेत म्हणून तिसरा, आणि उरतो चौथा: उदासीन. १९८९ मध्ये पॉल ड्रेपर या तत्त्वज्ञाने याला धार लावली. त्याची पद्धत वापरायला सोपी आहे.

आधी दोन गृहीतकं शेजारी ठेवा. एक, भलं चिंतणारा ईश्वर आहे. दोन, जिवांची रचना किंवा त्यांची स्थिती कोणाच्याही सदिच्छेचं वा दुष्टाव्याचं फळ नाही. मग एक ठोस वस्तुस्थिती घ्या आणि विचारा, ही कोणत्या गृहीतकाखाली जास्त अपेक्षित आहे?

वेदनेचंच घ्या. ती उपयोगी आहे, यात शंका नाही. एससीएन९ए नावाच्या जनुकात बिघाड असलेल्या काही लोकांना जन्मापासून वेदना कळत नाही. ते जीभ चावून घेतात, भाजतं तरी हात मागे घेत नाहीत, मोडलेल्या हाडावर चालत राहतात. म्हणून 'वेदना का आहे?' हा प्रश्न ईश्वराच्या विरुद्ध फारसा उपयोगाचा नाही, आणि तिथेच अडकणारे हरतात. खरा प्रश्न असा: वेदनेचा उपयोग संपल्यावर ती का थांबत नाही? शेवटच्या टप्प्यातल्या कर्करोगात इशारा देऊन झालेला असतो, टाळण्यासारखं काही उरलेलं नसतं, आणि तरी यंत्रणा तेवढ्याच जोराने चालू राहते. जगणं आणि प्रजनन यांच्यासाठी घडलेली, पण दुखणाऱ्याचा विचार न केलेली यंत्रणा अशीच वागेल. दुखणाऱ्याचा विचार करून घडवलेली यंत्रणा अशी वागेल, हे मला जुळवता येत नाही.

या पद्धतीत तीन ठिकाणी घसरायला होतं. फक्त भीषण उदाहरणं निवडली तर तुलना खोटी होते. सुखाचाही हिशोब घ्या. (ड्रेपर दोन्ही घेतो, आणि दाखवतो की सुखही जैविक उपयोगालाच चिकटून येतं.) दुसरं, निसर्गाचा वाटा आणि माणसाचा वाटा वेगळा करा. १ नोव्हेंबर १७५५ रोजी पोर्तुगालची राजधानी लिस्बन भूकंप, लाट आणि आग यांत उद्ध्वस्त झालं आणि युरोपभर ईश्वरावर प्रश्न उठले, तेव्हा १७५६ मध्ये रूसोने व्होल्तेरला लिहिलं की सहा-सात मजली वीस हजार घरं तिथे निसर्गाने दाटीने उभी केली नव्हती. त्यात तथ्य आहे. पण धरणीचं हलणं त्याने सुटत नाही. तिसरं, तुलनेत एक गृहीतक जिंकलं म्हणजे ते खरं ठरलं असं नाही. आधीपासून कोणाचं पारडं किती जड होतं तेही धरावं लागतं.

'ईश्वराची कारणं आपल्या आवाक्याबाहेरची आहेत' या उत्तराबद्दल एक सांगून ठेवतो. ते प्रामाणिक उत्तर आहे, पण दुधारी. दिसणाऱ्या दुःखावरून त्याच्या मनाबद्दल काही ठरवता येत नसेल, तर दिसणाऱ्या सौंदर्यावरून, वाचलेल्या जिवावरून, मिळालेल्या सुखावरूनही काही ठरवता येणार नाही. 'त्याने वाचवलं' आणि 'त्याची कारणं अगम्य' ही दोन वाक्यं एकाच माणसाला एकत्र वापरता येत नाहीत.

---

सूत्रधार

कंदील, मांडणी चोख आहे. पण तुमच्या तुलनेत भारतीय दर्शनांचं गृहीतक आलेलंच नाही. कर्म आणि पूर्वजन्म धरले तर 'शेवटच्या टप्प्यातली निरुपयोगी वेदना' निरुपयोगी राहत नाही. तुमची दोन गृहीतकं एका जन्माच्या चौकटीतली आहेत.

---

कंदील

तिसरं गृहीतक म्हणून घेऊ, हरकत नाही. पण मग तेही त्याच कसोटीला लावा. एक, ते काय मनाई करतं? जगात काय दिसलं असतं तर 'कर्मसिद्धान्त चुकला' असं म्हणता आलं असतं? कोणतंही सुखदुःख त्यात बसत असेल तर तुलनेत त्याला गुण मिळत नाहीत. ते चुकीचं ठरत नाही, फक्त पुरावा त्याच्या बाजूने बोलत नाही. दोन, ज्याला आपला गुन्हा आठवत नाही त्याला शिक्षा देण्याने सुधारणा होत नाही, म्हणजे फिकिरीतला 'त्याच्या भल्यासाठी' हा भाग राहत नाही. आणि तीन, तुम्हीच वर पावसाबद्दल लिहिलंय. कर्म सगळं ठरवत असेल तर ईश्वराच्या फिकिरीला जागा कुठे उरते?

---

सूत्रधार

तिसऱ्याला नैयायिकांचं (न्यायदर्शन मानणाऱ्यांचं) उत्तर आहे: कर्म जड आहे, ते स्वतः फळ देऊ शकत नाही, जाणता अधिष्ठाता लागतो. पण तो अधिष्ठाता व्यवस्थापक ठरतो, हेही मान्य. आस्था हवी असेल तर वेदान्ताच्या भक्तिप्रधान शाखांकडेच जावं लागतं.

---

पूर्वपक्ष

आभार, हे हवं होतं त्याहून जास्त मिळालं. दोन पुरवणी प्रश्न. नीरक्षीर यांच्या दुसऱ्या भागात 'फरक पडणं' म्हणजे काय? आपल्या दुःखाने ईश्वराला दुःख व्हायला हवं का? तसं असेल तर तो दुःखी ठरतो, नसेल तर ती फिकीर कसली? आणि दुसरा: तो उदासीन आहे असं ठरलं तर पूजा-प्रार्थना निरर्थक होतात का?

---

अनुष्टुभ

पहिला प्रश्न दक्षिणेतल्या विष्णुभक्तांच्या श्रीवैष्णव परंपरेत अगदी याच शब्दांत लढला गेला आहे, म्हणून तिथूनच सांगते.

रामानुजाचार्यांच्या विशिष्टाद्वैतात वात्सल्य, सौशील्य, कारुण्य हे ईश्वराचे खरे गुण आहेत, उपचाराने चिकटवलेले नाहीत. नंतर या परंपरेचे तेन्कलै आणि वडकलै असे दोन पंथ झाले. त्यांच्यात जे अठरा मतभेद मोजले जातात त्यातला एक दयेच्या व्याख्येचा आहे. तेन्कलै म्हणतात, दया म्हणजे 'परदुःखदुःखित्व', दुसऱ्याच्या दुःखाने स्वतः दुःखी होणं. वडकलै म्हणतात, दया म्हणजे 'परदुःखनिराचिकीर्षा', दुसऱ्याचं दुःख दूर करण्याची इच्छा. पहिल्यांना ईश्वर हळहळायला हवा आहे. दुसऱ्यांचं म्हणणं, जो निर्दोष, आनंदरूप आहे त्याला दुःख चिकटवू नका. निवारणाची इच्छा पुरेशी आहे.

ख्रिस्ती विचारात अकराव्या शतकात अॅन्सेल्मने हीच कोंडी फोडण्याचा प्रयत्न केला. ईश्वराला उद्देशून त्याचं उत्तर: आमच्या अनुभवापुरता तू दयाळू आहेस, तुझ्या स्वतःच्या अनुभवात नाही. म्हणजे दयेचा परिणाम आपल्यापर्यंत पोचतो, भावना तिकडे नसते. मला हे उत्तर तोकडं वाटतं. परिणाम तर औषधाचाही होतो. वडकलैंची व्याख्या बरी, कारण तीत इच्छा आहे. आणि इच्छा असणं म्हणजे हे दुःख राहिलं काय नि गेलं काय, दोन्ही सारखंच, असं नसणं. 'फरक पडणं' यासाठी एवढं पुरे. हळहळ ही माणसाच्या देहामनाची रीत आहे, फिकिरीची अट नाही. एक परीक्षा करून पाहा: दुःख पाहून कळवळणारा पण हात न हलवणारा, आणि न कळवळता नेमकं दुःख दूर करणारा, यांपैकी फिकीर कोणाला आहे असं तुम्ही म्हणाल?

याच पंथभेदात कृपेच्या अटींचाही वाद आहे. मर्कटन्याय म्हणतो, माकडाचं पिल्लू आईला स्वतः धरून असतं तसा जिवाकडून थोडा तरी यत्न हवा. मार्जारन्याय म्हणतो, मांजर पिल्लाला तोंडात धरून नेते तशी कृपा विनाअट येते. कंदील यांच्या पुराव्याचा मार बसतो तो मुख्यतः दुसऱ्यावर. विनाअट कृपा असेल तर ती इतकी असमान का दिसते, याचं उत्तर द्यावं लागतं. पहिल्याकडे निदान 'धरलं नाही' हे उत्तर आहे. पण आठवडाभराच्या बाळाने काय धरायचं होतं, इथे तेही अडतं.

दुसऱ्या प्रश्नाला जैन परंपरेइतकं स्वच्छ उत्तर कुठेच नाही. तिथे जिन (तीर्थंकर) वीतराग आहे, तो कृपा करत नाही की कोपत नाही. समंतभद्राचार्य स्तोत्रात जिनालाच सांगतात:

न पूजयार्थस्त्वयि वीतरागे
न निन्दया नाथ विवान्तवैरे ।
तथापि ते पुण्यगुणस्मृतिर्नः
पुनाति चित्तं दुरिताञ्जनेभ्यः ॥

तू वीतराग आहेस, तुला पूजेशी काम नाही. वैर ओकून टाकलं आहेस, निंदेशीही नाही. तरी तुझ्या गुणांचं स्मरण आमच्या चित्तावरचं पापाचं काजळ पुसतं. म्हणजे उदासीनतेने पूजा मोडत नाही, मागणी मोडते. सतराव्या शतकातला तत्त्ववेत्ता स्पिनोझाही इथवर येतो: ईश्वरावर प्रेम करणाऱ्याने ईश्वराने उलट प्रेम करावं अशी खटपट करूच शकत नाही, असं त्याच्या 'एथिक्स'च्या पाचव्या भागात (विधान १९) आहे. मात्र त्याला सरसकट 'उदासीन ईश्वरवाला' म्हणू नका. त्याच भागात पुढे (विधान ३६ चा उपसिद्धान्त) तो म्हणतो की ईश्वर स्वतःवर प्रेम करतो त्या अर्थी माणसांवरही करतो. पहिलं विधान उद्धृत करणारे दुसरं सहसा वाचत नाहीत.

---

नवखा_वाचक

उत्तम धागा. एवढी चर्चा कशाला, थेट प्रयोग झालाय ना? प्रार्थनेचा रुग्णांवर परिणाम होत नाही हे सिद्ध झालंय असं वाचलंय.

---

कंदील

तो प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतली सहा रुग्णालयं, हृदयाची बायपास शस्त्रक्रिया होणारे १८०२ रुग्ण, तीन गट. पहिल्या गटासाठी प्रार्थना झाली, दुसऱ्यासाठी नाही, आणि या दोन्ही गटांना आपण कशात आहोत ते ठाऊक नव्हतं. तिसऱ्यासाठी झाली आणि त्यांना तसं सांगितलं होतं. प्रार्थना १४ दिवस, आणि ३० दिवसांत काही गुंतागुंत झाली का ते मोजलं. आकडे: ५२ टक्के, ५१ टक्के आणि ५९ टक्के. पहिल्या दोघांत फरक नाही. ज्यांना ठाऊक होतं त्यांचं थोडं वाईटच.

मी 'उदासीन' बाजूचा असलो तरी यावर भिस्त ठेवणार नाही. 'प्रार्थना नाही' या गटातल्या रुग्णांचे नातेवाईक घरी प्रार्थना करत होतेच, त्यांना थांबवता येत नाही. म्हणजे तुलना प्रार्थना आणि शून्य यांच्यातली नव्हती, थोडी जास्त आणि थोडी कमी यांच्यातली होती. आणि या रचनेतच असं गृहीत आहे की प्रार्थना औषधासारखी मात्रेनुसार लागू पडते. ज्याला इच्छा आहे असा कोणी समोर असेल तर चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या गटानुसार त्याने रुग्ण का निवडावेत? प्रयोगाने फक्त एक दावा पडतो: मागितलं की मोजता येण्याइतक्या प्रमाणात मिळतं. असा दावा कोणी केला तर हे आकडे जरूर दाखवा.

---

नीरक्षीर

कंदील यांना पूरक. प्रार्थनेच्या फळापेक्षा जास्त टोचणारा मुद्दा शेलनबर्ग या तत्त्वज्ञाचा आहे (१९९३): फिकीर करणारा असेल तर तो निदान नात्याची वाट उघडी ठेवेल. पण मनापासून शोधणाऱ्या, विरोध नसलेल्या काही माणसांनाही तो आहे असं पटत नाही. हा दुःखापेक्षा वेगळा पुरावा आहे आणि फक्त 'या माणसाची काळजी' मानणाऱ्यांना लागू होतो. मायमोनिडीझ या मध्ययुगीन ज्यू विचारवंतासारख्याला तो तितकासा लागत नाही. त्याच्या मते इतर प्राण्यांच्या बाबतीत ईश्वराची देखरेख फक्त जातीपुरती असते. हे पान गळलं किंवा या कोळ्याने ही माशी खाल्ली, यात ईश्वरी योजना नाही. माणसाच्या बाबतीत ती व्यक्तीपर्यंत पोचते, पण ज्याची बुद्धी ईश्वराकडे जितकी वळलेली तितकीच.

धागाकर्त्यांनी हे कुठे मांडायचं असेल तर आकाराचा मुद्दा सरळ वगळावा, पूर्णतेचा दहा मिनिटांत आटपावा, आणि उरलेला वेळ दोनच प्रश्नांना द्यावा: उपयोग संपल्यावरही न थांबणारी वेदना, आणि शोधूनही न सापडणं. फिकीर करणारा ईश्वर मानणाऱ्याला या दोन ठिकाणी खरं उत्तर द्यावं लागतं.

---

पूर्वपक्ष

तसंच करतो. अनुष्टुभ, दयेच्या दोन व्याख्या सुरुवातीलाच घेतो; 'फरक पडणं' म्हणजे काय ते ठरल्याशिवाय वेदनेवर बोलताना पुन्हा तिथेच अडकायला होईल.